शेवटचे पत्र : स्वीडिश चित्रपटांतील एकाकीपणाचा इतिहास

यान त्रोएल या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘द न्यू लँड’ (१९७२) हा चित्रपट एका पत्राने संपतो. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात आयुष्य घालविलेला कार्ल ऑस्कर नावाचा शेतकरी वारला आहे आणि ती वार्ता स्वीडनमधील त्याच्या बहिणीला कळवायची आहे. पत्र लिहितो तो शेजारी. मृताची मुले हयात आहेत, शेतीवाडी राखून आहेत. परंतु ती मातृभाषा विसरली आहेत. बाप गेल्याची बातमी आत्याला कळवावी, एवढे स्वीडिशही त्यांच्यापाशी उरलेले नाही.

हे पत्र आम्ही दोनदा ऐकले. प्रथम ऐकले ते तरुणपणी, फिल्म सोसायटीच्या खेळात. त्या काळी आमच्या गावी परदेशी चित्रपटांची रिळे कधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून, तर कधी एखाद्या दूतावासाच्या सौजन्याने येत. शाळेच्या सभागृहात चाळीस-पन्नास माणसे लाकडी खुर्च्यांवर बसत; रीळ संपले की दिवे लागत आणि दुसरे चढेपर्यंत चर्चा चाले. बर्गमनचे नाव फलकावर लागले की गर्दी थोडी वाढे. हे चित्रपट बाजारात फार चालणारे नव्हते. परंतु जगभरच्या अशा लहानलहान मंडळांनी ते एखाद्या पंथाच्या निष्ठेने पाहिले आणि जपले. तथापि त्या चित्रपटांतील एकाकी माणसांविषयी आमच्या मंडळींचे, आणि आमचेही, मत फारसे उदार नव्हते. या लोकांना खाण्यापिण्याची ददात नाही, हिवाळा लांब, दिवस चार घटकांचा. मग असले चोचले सुचायचेच, असे आम्ही म्हणत असू.

दुसऱ्यांदा ते पत्र ऐकले ते अलीकडे, घरी बसून. त्याच सुमारास माळ्यावरच्या पेटीतील मोडी कागदांचे एक बासन आमच्या मेजावर सोडून ठेवलेले होते आणि त्यातील एक ओळही आम्हांस वाचता येत नव्हती. त्या वेळी आमच्या तरुणपणीच्या मताची आम्हांस लाज वाटली. स्वीडिश चित्रपटांतील एकाकीपण थंडीने किंवा सुबत्तेने आलेले नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो बऱ्याच अंशी न पोहोचलेल्या शब्दांचा इतिहास आहे. तोच येथे वाचकांपुढे मांडावा असा विचार आहे.

या गोष्टीचा प्रारंभ चित्रपटाच्या पुष्कळ आधी होतो. स्वीडनच्या १६८६ सालच्या धर्मविषयक कायद्याने असे ठरविले की शेतमजूर असो वा मोलकरीण, प्रत्येकाला ईश्वरी वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे. त्यासाठी पाद्री आपल्या हद्दीतील घरोघरच्या माणसांची ठरावीक काळाने परीक्षा घेई. वाचता येते का, धर्माची प्रश्नोत्तरी पाठ आहे का, हे तपासून निकाल चोपडीत नोंदवी. लेखन सर्वत्र पोहोचायला पुढे १८४२चा प्राथमिक शाळांचा कायदा यावा लागला. वाचन मात्र त्या देशात फार लवकर रुजले. त्याच वेळी १७२६ पासून १८५८ पर्यंत पाद्र्याच्या देखरेखीवाचून घरी प्रार्थनेसाठी चार माणसे जमविण्यास कायद्याने बंदी होती. माणसाने वाचावे, परीक्षा द्यावी. परंतु वाचलेल्याविषयी शेजाऱ्याबरोबर मोकळेपणी बसू नये, अशी ही व्यवस्था होती. स्वीडिश चित्रपटांत परीक्षेची आणि निवाड्याची दृश्ये वारंवार का येतात, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकात जमिनीचे तुकडे होत गेले, माणसे वाढली, आणि १८६७ ते १८६९ या वर्षांत दुष्काळाने कहर केला. शतकाच्या मध्यापासून १९३०च्या सुमारापर्यंत बारा-तेरा लाख स्वीडिश माणसे अमेरिकेस गेली. ज्या देशाची लोकसंख्या १९०० साली पन्नास लाखांच्या आसपास होती, त्या देशाच्या दृष्टीने ही केवढी गळती! तिकडून येणाऱ्या चिठ्ठ्यांना ‘अमेरिका-पत्रे’ असे नावच पडले. ती गावात मोठ्याने वाचली जात. पत्र येत असे तोवर गेलेला माणूस घरचा असे. पत्रे थांबली की तो मेल्यात जमा होई.

स्वीडिश चित्रपटाचा पहिला मोठा दिग्दर्शक व्हिक्टर शोस्त्रोम हा या गळतीतूनच आलेला आहे, याकडे आम्ही पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. त्याचा जन्म १८७९चा. तान्हा असतानाच आईबापांबरोबर तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गेला. तो सात वर्षांचा होण्याच्या सुमारास आई तेथेच वारली आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास तो मायदेशी परतला. परक्या देशात आई गमावलेला आणि मग मायदेशालाही परका झालेला हा मुलगा पुढे नट झाला, आणि १९१७ ते १९२३ या थोड्या वर्षांत त्याने आपल्या देशाच्या मूकपटाला जगाच्या पुढल्या रांगेत नेऊन बसविले.

त्याच्या ‘द आउटलॉ अँड हिज वाइफ’ (१९१८) या चित्रपटात कायद्याच्या भीतीने डोंगरात पळालेले एक जोडपे आहे. प्रेमापोटी सर्वस्व सोडून आलेली ही दोघे म्हातारपणी बर्फाने वेढलेल्या झोपडीत समोरासमोर बसतात, आणि त्यांना एकमेकांशी भांडण्यापलीकडे काही सुचत नाही. एकट्या माणसाचे एकाकीपण सर्वांनीच दाखविले आहे. दोघांचे एकाकीपण शोस्त्रोमने त्या काळी दाखविले. ‘द फँटम कॅरेज’ (१९२१) हा त्याचा सर्वांत नावाजलेला चित्रपट सेल्मा लागरलोफ या लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेला आहे. वर्ष संपता संपता जो शेवटचा मरेल त्याला पुढले वर्षभर मृत्यूची गाडी हाकावी लागते, अशी त्यातील दंतकथा. दारूपायी घर उद्ध्वस्त केलेला डेव्हिड होल्म स्वतः शोस्त्रोमनेच रंगविला. एकाच फितीवर दोनदा चित्रण करून ती पारदर्शक गाडी माणसांतून जाताना दाखविली आहे. परंतु कौशल्यापेक्षाही मनात राहतो तो गाडीवानाचा शाप. तो सर्वांना पाहतो, सर्वांचे ऐकतो. जिवंत माणसांना मात्र तो दिसत नाही आणि त्याचा शब्द ऐकू येत नाही.

१९२३ साली शोस्त्रोम हॉलिवुडला गेला. तेथे त्याचे नावही बदलून ‘सीस्ट्रम’ झाले. ‘द विंड’ (१९२८) मध्ये त्याने टेक्सासच्या ओसाड मैदानात आणून टाकलेल्या एका मुलीची कथा सांगितली. बाहेरून आलेल्या या मुलीशी तेथे अखंड बोलतो तो केवळ वारा. बोलपट आला, आणि काही काळातच शोस्त्रोम दुसऱ्यांदा मायदेशी परतला.

तो पुन्हा जगापुढे आला तो नट म्हणून, इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) मध्ये. बर्गमनचा जन्म १९१८ साली उप्साला येथे झाला. बाप लुथरपंथी पाद्री; म्हणजे घर आणि परीक्षेची खोली एकच. ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे प्राध्यापक इसाक बोर्ग पदवीच्या सुवर्णमहोत्सवी सन्मानासाठी सुनेबरोबर मोटारीने स्टॉकहोमहून लुंड येथे जातात. वाटेत त्यांना स्वप्न पडते. स्वप्नात त्यांची परीक्षा घेतली जाते. फळ्यावरचा मजकूर त्यांना वाचता येत नाही, रोगी तपासता येत नाही, आणि निकाल लागतो तो दोषी म्हणून. शिक्षा काय, असे ते विचारतात, तेव्हा परीक्षक अगदी सहज सांगतो की नेहमीचीच, एकाकीपणाची. पाद्र्याच्या चोपडीतला जुना शेरा येथे स्वप्नात उतरला आहे, असे आम्हांस वाटते.

त्याच प्रवासात बोर्ग आपल्या अतिवृद्ध आईला भेटतात. तिची दहा मुले. त्यांतला एक इसाकच उरला आहे. ती खेळण्यांची पेटी उघडून कोणते खेळणे कोणाचे ते सांगते आणि आपल्याला सतत थंडी वाजते अशी तक्रार करते. म्हातारी वाईट नाही. पण तिच्या बोलण्यात ऊब नाही, आणि ती उणीव मुलात व नातवात वारशासारखी उतरली आहे. स्वीडिश भाषेत ‘एन्सामहेत’ हा एकच शब्द एकांतालाही चालतो आणि एकाकीपणालाही. मराठीत आपण दोन शब्द राखले आहेत. बोर्ग आयुष्यभर ज्याला एकांत समजले ते एकाकीपण होते, हे त्यांना एका दिवसात उमगते. शेवटी ते झोपण्यापूर्वी बालपणीची एक दुपार आठवतात. पाण्याकाठी दूर बसलेले आईबाप त्यांना पाहून हात हलवितात. ब्रुकलिनमध्ये आई हरवलेल्या नटाचा तो चेहरा आहे हे कळल्यावर ते दृश्य आम्हांस निराळे दिसू लागले. शोस्त्रोम १९६० साली वारला.

बर्गमनचे पुढले दोन चित्रपट या संदर्भात पाहण्यासारखे आहेत; दोन्ही १९६३चे. जग ज्याला ‘विंटर लाइट’ म्हणते, त्याच्या स्वीडिश नावाचा अर्थ ‘प्रभुभोजनाला आलेले पाहुणे’ असा आहे. हे पाहुणे अगदी मोजके. रविवारची दुपार, खेड्यातले चर्च, श्रद्धा आटलेला पाद्री टोमास. छायाचित्रकार स्वेन निक्विस्ट आणि बर्गमन यांनी चित्रीकरणापूर्वी चर्चमध्ये बसून हिवाळी उजेड तासातासाने कसा पालटतो याचा अभ्यास केला होता. म्हणून त्या चित्रपटात सावली म्हणून पडत नाही, सर्वत्र एकच करडा उजेड असतो. चीनच्या अणुबॉम्बच्या भीतीने पछाडलेला एक कोळी धीर मागायला पाद्र्याकडे येतो. पाद्री त्याला स्वतःच्याच शंका ऐकवीत बसतो. कोळी उठून जातो आणि आत्महत्या करतो.

याच चित्रपटात ते प्रसिद्ध पत्र आहे. शाळामास्तरीण मार्टा टोमासवर प्रेम करते. तिने त्याला लांबलचक पत्र लिहिले आहे आणि ते त्याने न वाचता खिशात ठेवले आहे. तो वाचू लागतो तेव्हा पडद्यावर कागद येत नाही. येतो मार्टाचा, म्हणजे इंग्रिड थुलिनचा चेहरा. ती सरळ आपल्याकडे पाहून कित्येक मिनिटे बोलते. एकाच गावात राहणारी, रोज भेटणारी दोन माणसे, आणि तरी तिला लिहावे लागते. अमेरिकेला जाणाऱ्या पत्रांमध्ये महासागर होता. येथे अंतर चार पावलांचे आहे.

चित्रपटाच्या अखेरीस चर्चचा अपंग सेवक आल्गोत एक विचार मांडतो. ख्रिस्ताच्या शारीरिक यातनांचे आपण फार मोठे करतो, त्या काही तासांच्या होत्या. ज्या शिष्यांना तीन वर्षे शिकविले त्यांना आपले काहीच कळले नाही, ते सोडून गेले, आणि शेवटी देवही बोलेनासा झाला, हे दुःख त्याहून मोठे असले पाहिजे. धर्मशास्त्र पढलेल्या पाद्र्याला जे सुचले नाही ते या साध्या माणसाने वाचून काढले. स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, या जुन्या कायद्याचे याहून मोठे फळ कोणते? त्यानंतर जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये टोमास उपासना सुरू करतो. ऐकायला समोर मार्टा आहे, जिचा देवावर विश्वास नाही.

‘द सायलेन्स’ मध्ये दोन बहिणी आणि धाकटीचा लहान मुलगा योहान एका अनोळखी देशातील हॉटेलात अडकतात. थोरली एस्टर आजारी आहे. ती व्यवसायाने भाषांतरकार. म्हणजे दुसऱ्याचा शब्द तिसऱ्याला पोहोचविणे हेच तिचे काम, आणि नेमकी ती अशा ठिकाणी आली आहे जेथील एक शब्दही तिला कळत नाही. सख्ख्या बहिणींत तर बोलणे केव्हाच संपलेले. हॉटेलचा म्हातारा नोकर आणि एस्टर यांच्यात एकच गोष्ट सामाईक निघते. रेडिओवर बाखचे संगीत लागते. ‘संगीत’ हा शब्द आणि बाखचे नाव दोघांनाही ठाऊक असते. एस्टर त्या नोकराकडून काही शब्द विचारून घेते आणि योहानसाठी कागदावर लिहून ठेवते. आजारी मावशीला मागे टाकून मायलेक आगगाडीने निघतात, तेव्हा मुलगा तो कागद उघडून ओठ हलवीत वाचू लागतो. या कडू चित्रपटात आशा म्हणण्यासारखे जे आहे ते एवढेच.

बर्गमनवर त्याच्याच देशात टीका झाली नाही असे नाही. बू विडरबेर्ग या तरुण लेखकाने १९६२ साली एक पुस्तिका लिहून असा आक्षेप घेतला की आपला चित्रपट माणूस आणि देव यांच्यातील उभ्या रेषेवरच खिळला आहे. माणसामाणसांतली आडवी रेष, भाडे, मजुरी, शेजार, यांकडे तो पाहत नाही. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. त्यानंतरच्या पिढीने ही आडवी रेष तपासली; पण तिथेही एकाकीपण भेटलेच. समाजवादी पुढारी पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ साली देशाला ‘लोकांचे घर’ करण्याची कल्पना मांडली होती. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत दहा लाख नवी घरे बांधली गेली. रॉय अँडरसनचा ‘अ स्वीडिश लव्ह स्टोरी’ (१९७०) याच काळातला. दोन कोवळ्या मुलांचे प्रेम मध्यभागी आणि भोवती सर्व सोयींनी युक्त, परंतु आतून मोडलेली मोठी माणसे. आरंभी इस्पितळातील एक आजोबा रडत सांगतात की हे जग एकट्या माणसांसाठी नाही. अखेरीस मेजवानीच्या टोप्या घातलेली मंडळी धुक्यात एका हरवलेल्या बापाला हाका मारीत फिरतात. घर मिळाले, हाकेला ओ देणारे मिळाले की नाही, एवढेच अँडरसन विचारतो.

आता पुन्हा त्रोएलकडे. ‘द एमिग्रंट्स’ (१९७१) आणि ‘द न्यू लँड’ हे त्याचे जोडचित्रपट विल्हेल्म मोबेर्ग यांच्या १९४९ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत. दुसऱ्याच्या स्वीडिश नावाचा अर्थ ‘वसाहतकार’ असा आहे. दगडाळ जमिनीला कंटाळलेला कार्ल ऑस्कर आणि त्याची बायको क्रिस्टिना स्मोलांड प्रांतातून निघतात. मॅक्स फॉन सिडो आणि लिव उलमन या बर्गमनच्याच नटांनी ही कामे केली आहेत. घरी प्रार्थना भरविल्याबद्दल छळ सोसलेला डानिएलही त्यांच्याबरोबर आहे. तो आलान एड्वाल या नटाने रंगविला, ज्याने ‘विंटर लाइट’ मध्ये आल्गोत केला होता. स्वदेशी जिला कोणी दारात उभे करीत नसे ती उल्रिका परदेशात क्रिस्टिनाची जिवाभावाची मैत्रीण होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. परदेश काही बंध तोडतो, तसे काही जोडतोही.

त्रोएलने कॅमेरा स्वतः हाताळला. त्याचे चित्रपट लांब आहेत आणि कामाने भरलेले आहेत : नांगरणे, झाडे तोडणे, ओंडके रचणे. पुरुषाला काम पुरते. क्रिस्टिनाला पुरत नाही. घरून आलेल्या बियांपासून लावलेले सफरचंदाचे झाड ती वाढवते आणि त्याच्या पहिल्या फळाबरोबरच तिचा अंत होतो. तो काळ १८६२च्या डाकोटा लोकांच्या उठावाचा. ज्यांच्या भूमीवर ही घरे उभी राहिली त्या डाकोटांपैकी ३८ जणांना त्या वर्षीच्या डिसेंबरात मॅनकेटो येथे एकाच वेळी फाशी देण्यात आले. त्रोएलने तो उठाव आपल्या कथेतून वगळला नाही. वसाहतकाराचे एकाकीपण खरे असते. परंतु त्याच्या येण्याने दुसरे कोणी आपल्याच भूमीत परके झालेले असते, हे त्यामुळे विसरता येत नाही.

आपल्यासारख्या घराण्यांनी ही कथा आपलीच समजण्याची घाई करू नये. स्मोलांडचा शेतकरी भुकेने गेला. आपले पूर्वज शिंदे-होळकर-गायकवाडांच्या फौजेबरोबर, दफ्तराबरोबर, देवघराबरोबर आले, आणि पुष्कळदा हुकूम देणाऱ्यांच्या पंगतीत बसले. दख्खन आणि माळवा यांच्यामध्ये महासागरही नव्हता. आपली मराठी तीन शतकांच्या आसपास टिकली ती या सोयींमुळेही. परंतु शेवटचे पत्र कोण लिहिणार, हा प्रश्न दोघांचाही आहे.

आमच्या बासनातील कागद आम्ही अखेर मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांकडून वाचवून घेतले. वाटले होते की सनद निघेल, लढाईची हकिकत निघेल. निघाले ते साताऱ्याकडील मूळ गावाहून आलेले एका भावाचे साधे पत्र. शेताचा वाटा, मुलाच्या मुंजीचा मुहूर्त, आईच्या डोळ्यांना दिसत नाही हा मजकूर, आणि शेवटी एक तक्रार : यापूर्वी दोन पत्रे लिहिली, उत्तर नाही. आजवर आमची समजूत अशी की मूळ गावाने आम्हांस विसरून टाकले. कागद उलट सांगतो. उत्तर आमच्या घरातून गेले नव्हते.

परदेशी असलेल्या आमच्या नातीला मराठी बोललेले समजते, वाचता येत नाही. तिला ते सबंध पत्र पाठविण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. त्यातील बारा शब्द बालबोध अक्षरांत मोठे लिहून, प्रत्येकापुढे अर्थ लिहून पाठविले आहेत. ‘मुहूर्त’ आहे, ‘वाटा’ आहे, ‘उत्तर’ही आहे. ती ते वाचील की नाही, सांगता येत नाही. कागद तिच्यापाशी पोहोचला आहे, एवढे तिने कळविले आहे.